दारापुढची जागा

४ सप्टेंबर, बुधवार

कुंडी हलवली! माझ्या दारापुढची, तळाशी सिमेंट ओतलेली बोगनवेलीची कुंडी — एकट्या माणसाला हलत नाही. म्हणजे दोघे होते. म्हणजे ठरवून. कुंडीच्या जागी पांढरी गाडी, आणि गाडीवाला स्टेशनकडे पसार.

आमच्या ओळीत प्रत्येकाच्या दारापुढे काहीतरी असतंच — कुंडी, मोडकी खुर्ची, रंगाचा रिकामा डबा. रस्ता नगरपालिकेचा असेल. दारापुढचा तुकडा ज्याचा त्याचा. तीस वर्षांत कुणी कुणाची कुंडी हलवली नव्हती. स्टेशन झालं आणि क्वालालंपूरला कामाला जाणारे उपरे इथे गाड्या टाकून दिवसभर गायब व्हायला लागले.

समोरच्या स्वी लानचा पडदा हलला होता. हिने पाहिलंय. विचारलं तर म्हणाली, "मी नूडल्स परतत होते, टीचर." सकाळी सात वाजता?

५ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार निर्मलनचा. त्याचे वडील गेल्यापासूनचा नेम — ऑफिस सुटलं की माझ्याकडे जेवायला. आज लागोपाठ सातवा गुरुवार चुकला. सात वाजता फोन. "अम्मा, तीन फेऱ्या मारल्या गं. गाडी लावायला जागाच नाही तुझ्याकडे. निघालो घरी."

खेकड्यांचा रस्सा केला होता. एकटीने खेकडे फोडत बसण्यात काही अर्थ नाही. शेजारी दिला.

पोराचा काय दोष? हे उपरे हटलेच पाहिजेत.

८ सप्टेंबर, रविवार

रहिवासी संघाची सभा. नगरपालिका गाडी लावायची परमिटं द्यायला आणि ओळीत तशा पाट्या लावायला तयार आहे — घरटी दोन, शिवाय पाहुण्यासाठी एक कार्ड. बेचाळीसपैकी अठ्ठावीस घरांच्या सह्या हव्यात. अध्यक्ष जुल्हैरी माझाच विद्यार्थी, अजून मला चिकगू — बाई — म्हणतो. आज फार उत्साहात. एवढा उत्साह गृहपाठाला कधी नव्हता! पाट्यांचं काम कुणाला मिळणार, असं सरळ विचारलं. हसला. "चिकगू, तुम्ही अजून माझं दप्तर तपासता!" आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. लक्षात ठेवलंय.

पाहुण्याचं कार्ड म्हणे दोन तासांचं! मी उभी राहिले. पोरगा आईकडे जेवायला येतो की डाक टाकायला? चार तास करून घेतले, तेव्हाच बसले.

तरी स्वी लान उठलीच. "चार तासांत माझ्याकडे माहजोंग खेळायला येणाऱ्या बायकांचा नुसता चहा होतो! त्या काय बसने येणार? एकीचे गुडघे गेलेत, दुसरीचे डोळे. आणि गाडी चालवते ती दुसरी!" सभा हसून लोळली. हिची सही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

फोन. जागा नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

सत्तावीस सह्या झाल्या. एक हवी. स्वी लानच्या फाटकाशी गेले. हिची स्वतःची गाडीही नाही, मग विरोध कशासाठी? दारापुढची जागा कुणा उपऱ्याला देऊन बसली आहे का?

तेही विचारलं. रागावली नाही. म्हणाली, "पाट्या लावल्याने कुणी येत नाही हो, टीचर."

"म्हणजे काय?"

"काही नाही. आत या, चहा टाकते."

आत गेले नाही. बोलायचं अर्धं आणि चहा पुढे करायचा — ही रीत मला ठाऊक आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

स्वी लानने आपणहून येऊन सही केली! अठ्ठावीस. आता नगरपालिकेला मोजणी हवी — उपऱ्यांच्या गाड्या, तीन दिवस, नंबर आणि येण्याजाण्याच्या वेळा. जुल्हैरीने गल्ल्या वाटायला घेतल्या तर हीच पहिली. "मागची गल्ली मला दे." तो म्हणाला, "आंटी, उन्हात कशाला? माझा भाऊ करेल." ऐकेना. मागच्या गल्लीत हिचं ना घर ना माणूस. काय लपवायचंय हिला?

पक्की यादी करण्याचं काम मी मागून घेतलं. हिचा कागद माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मोजणी सुरू. छत्री, थर्मास, वही. पांढरी गाडी सात वाजून दहा मिनिटांनी आली. त्याने मला पाहिलं. मी नंबर मोठ्याने म्हणत लिहिला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोजणी संपली. एकट्या माझ्या ओळीत एकोणीस!

सात वाजता निर्मलनचा फोन. "आजही नाही जमत अम्मा. चार फेऱ्या झाल्या." मी म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत, पाहुण्याचं पहिलं कार्ड तुझंच. मग म्हणाला, "तू जेवून घे."

दमलेला वाटला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

स्वी लानचा कागद आला. मागची गल्ली. बावीस गाड्या, सगळ्या निळ्या शाईत. तेविसावी पेन्सिलने, पुसट — नुसतं बोट फिरवलं असतं तरी गेली असती. ७१३४. आली सात चाळीसला, गेली सव्वासहाला. तिन्ही दिवस, गुरुवारीही. हा आकडा निर्मलनने नव्या गाडीला मुद्दाम मागून घेतला होता. त्याच्या वडिलांच्या गाडीचा.

पक्क्या यादीत तेवीसच्या तेवीस उतरवल्या. शाईने.