चिठ्ठी नसलेल्या बाटल्यांचं काय करावं

मी, संयुक्ता बालाजीराव, वय चौपन्न, राहणार पूर्व तांबरम, चेन्नई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, अविवाहित, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना, मात्र धाकट्या भावाला पुरती वैतागून, हे लिहून ठेवते. यापूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

१. तांबरमचा फ्लॅट माझी भाची रेवा हिला द्यावा. ती नोकरीसाठी रोज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अंबत्तूरपर्यंत जाते आणि कुरकुरत नाही. तिच्या बापाच्या, म्हणजे याच भावाच्या, घरात ही नवीनच प्रजाती.

२. बँकेतली ठेव चेन्नईजवळच्या कोवलमच्या सरोजा कोळणीला. सव्वीस वर्षं तिनं जाळ्यात आलेले विचित्र जीव माझ्यासाठी बाजूला काढले. "मॅडम, हे कुणी खात नाही, तुम्हीच न्या," म्हणायची. माझा भाऊ गिरिधर हरकत घेईल. घेऊ दे.

३. आता मुख्य. माझ्या संग्रहात ५९० बाटल्या आहेत: खेकडे, शंख, मासे. प्रत्येक बाटलीच्या आत, स्पिरिटमध्ये, पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी असायची. कुठं सापडला, कोणत्या तारखेला, किती खोल पाण्यात. प्राण्याचं नाव चुकलं तर पुढचा माणूस सुधारतो. चिठ्ठी गेली, की उरतं ते नुसतं लोणचं.

एप्रिलमध्ये माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस घराची किल्ली गिरिधरकडे होती. तो हल्ली इंटरनेटवरच्या एका वर्गाला बसतो. तिथं शिकवतात, की देवानं मूळ कुळं वेगवेगळी घडवली. कुळाच्या आत फरक पडतात, पण एका कुळातून दुसरं निघत नाही. आजारी बहिणीला खूश करावं म्हणून त्यानं सगळा संग्रह कुळवार लावला. बाहेरून छापील स्टिकर: खेकडाकुळ, शंखकुळ. एका फळीवर नुसतं 'संशयास्पद'.

"अक्का, बघ किती नीट झालं!"

"आतल्या चिठ्ठ्या कुठायत?"

"त्या मळक्या? कचऱ्यात टाकल्या."

"आणि कुळं कशावरून ठरवलीस?"

"ज्यांची आपसात पिल्लं होतात ते एक कुळ. वाघ-सिंह. घोडा-गाढव."

"वीस-वीस वर्षं स्पिरिटमध्ये बुडालेल्यांनी तुला पिल्लं कधी दाखवली रे?"

"अय्यो अक्का, तुला श्रद्धाच नाही!"

देवाबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं निदान माझ्या कपाटाला हात लावला नाही.

४. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं बसतो. मी बाटली उजेडात धरते, आठवते, सांगते, तो लिहितो. "डावी नांगी तुटलेला. कोवलम. त्सुनामीच्या आदल्या महिन्यातला, तारीख नऊ." "आणि कुळ?" "गप लिही." आठवण पक्की असेल तरच चिठ्ठी होते. अंदाजानं लिहिलेली चिठ्ठी कोऱ्या बाटलीपेक्षा वाईट, कारण ती पुढच्यांना फसवते. आजवर २१७ झाल्या. बाकीच्या फक्त माझ्या डोक्यात आहेत, आणि ते डोकं ज्या हृदयावर चालतं त्याच्याबद्दल डॉक्टर हल्ली फार गोड बोलतात.

५. माझ्या मृत्यूच्या दिवशी ज्यांच्या आत चिठ्ठी असेल त्या सर्व बाटल्या कॉलेजच्या संग्रहालयाला द्याव्यात. त्यांवरचे स्टिकर आधी खरवडावेत. खरवडण्याचं काम गिरिधरचं.

६. चिठ्ठी नसलेल्या सर्व बाटल्या गिरिधरला. ठिकाण नाही, तारीख नाही, मागचा काही पत्ता नाही: त्याच्या वर्गाला असेच प्राणी लागतात. हवी ती कुळं लावावीत.

७. कलम सहा मी त्याला वाचून दाखवलं. वाद घालेल म्हणून तयारीत होते. त्यानं कपाटातून पुढची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाला, "अक्का, मला नकोत त्या. तू सांग, मी लिहितो." आता तो बुधवारीही येतो. मतं तीच आहेत. पेन्सिलीला मात्र टोक काढून आणतो.

८. अजून ३७३ बाटल्या उरल्या आहेत. त्या संपेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणायची कुणी घाई करू नये. माझ्या हृदयानंसुद्धा.

सही: संयुक्ता बालाजीराव

हिनं आमच्यासमोर, आणि आम्ही हिच्यासमोर सही केली:
भवानी, वरच्या मजल्यावरची शेजारीण
दत्ताजी, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले मदतनीस

पूर्व तांबरम, बुधवार, १० सप्टेंबर २०२५