वहीतली पुढची ओळ

आई,

तोबा तळ्याकाठून तुला सलाम. मी ठणठणीत आहे, मासे पोटभर खाते. तुझा खोकला कसा आहे?

गावातल्या आपल्या लुथरन चर्चची पंचाहत्तरी आहे ना, म्हणून पाळकांनी मला इतिहास लिहायला चर्चची जुनी नोंदवही दिली. उघडली आणि पाहते तर काय! आजोबांना मंडळीतून काढलं होतं, चर्चची पायरी चढायलाही मनाई! का, तर मिशनऱ्यांची बंदी असताना जुन्या रिवाजाप्रमाणे आपल्या बापाच्या अस्थी नव्या थडग्यात हलवताना ढोल वाजवले म्हणून. आणि ती नोंद आजोबांच्याच अक्षरात आहे!

"स्वतःच लिहिली?" मी ओरडलेच.

घंटा वाजवणारे म्हातारे हिसार म्हणाले, "अगं पोरी, गावात लिहिता येणारा तोच एक! काढला तरी वही देणार कोणाला?"

'माझ्या बाप्तिस्म्यालाही बाप आला नाही,' असं तू जन्मभर म्हणत आलीस. आई, पुढची ओळ तुझ्याच बाप्तिस्म्याची आहे, तीही त्यांच्याच हातची. जशीच्या तशी उतरवते. खाली बस, मग वाच.

'लेकीचा बाप्तिस्मा झाला. मामाने कडेवर घेतलं होतं. बाप दाराबाहेर उभा होता. लेक रडली, ते बाहेर ऐकू आलं.'

तुझी,
रुगुन