उजवा कौल

ता. ९ जानेवारी १९३४
आगबोटीने मुंबईहून परत. सौ.ला सांगून गेलो होतो, कचेरीचं काम आहे. काम कसलं! डॉक्टरने हातात बाटली देऊन पडद्यामागे पाठवलं. मग यंत्रातून बराच वेळ पाहत बसला. "यात बीजच नाही. गालगुंड झालं होतं का कधी? खाली सूज?" झालं होतं, मिसरूड फुटायच्या वेळी. आईनेच लेप घातला होता. "आता पत्नीला औषधं देऊ नका," म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली. तेवढी वर्षं तेच तर केलं.

ता. १२
सौ. पहाटे ओल्या लुगड्याने पिंपळाला फेऱ्या घालते. आईने सांगितलेलं व्रत. मी ओट्यावर राखुंडी लावत बघत असतो. आज सांगणार होतो. ती आली नि म्हणाली, "चाय ठेवू?" म्हटलं, ठेव.

ता. २१
मी दुसरं लग्न करावं का, याचा आई गावदेवीला कौल लावणार. मनात म्हटलं, देवीला सगळं ठाऊक, ती डावी कळी पाडून नकार देईल, मला तोंड उघडायला नको. मॅट्रिक झालेल्या कारकुनाची ही अक्कल.

ता. २४
गुरवाने ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होतो. उजवी पडली. होकार. आईने डोळे पुसले. सौ.ने पदर पसरून नमस्कार केला. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. थू माझ्यावर.

ता. २ फेब्रुवारी
गुहागरची मुलगी. सतराची असेल. आठवड्याभरात सुपारी घेऊन माणूस जायचा. सौ.ने आपल्या पाटल्या काढून आईपुढे ठेवल्या. "नव्या बायला होतील." मी ताटावरून उठलो. पोट बरं नाही म्हटलं. आणखी एक खोटं.

ता. ४
एकटाच देवळात गेलो. गुरवाला म्हटलं, पुन्हा कौल लाव.
"सवाल काय घालू?"
दोष कोणाचा, एवढंच म्हणायचं होतं. दक्षिणेचा आणा तबकात ठेवला. त्याने वाट पाहिली आणि कळ्या तबकात परत ठेवल्या. "सवालच नाय घातलास तं देवीन सांगायचा काय? त्या दिवशी पण तुज्या लगनाचाच सवाल होता."
बरोबर आहे. दोषाचं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

ता. ५
सौ.ला सांगितलं. परसात माडाची झापं विणत होती. डॉक्टर, बाटली, गालगुंड, सगळं. मान वर केली नाही, हात चालूच. मग म्हणाली, "मी पिंपळाला फिरत होते, तवा तुमी ओट्यावरनं बगत होतात."
म्हटलं, हो.
"सासूबायना तुमीच सांगा. माज्यासमोर."
दुसरं झाप पुढ्यात ओढलं. मी तिथून हललो नाही. माफी मागायचीसुद्धा लाज वाटली.

ता. ६
सकाळ. आई माजघरात तांदूळ निवडते आहे. जवळ बसलो. म्हटलं, "आई, गुहागरला माणूस धाडू नको."
"का रं?"
सौ. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.
आई म्हणाली, "कौल उजवा पडलाय नं? मग?"
आलोच म्हणून इथे खोलीत आलो आणि लिहीत बसलो आहे. सुपाचा आवाज थांबलाय. सौ. अजून चौकटीपाशीच आहे. आईने पुन्हा हाक मारली.