हार्वेस्टर आणि तीन पिल्लं

३ नोव्हेंबर, भाऊबीज
बाबनमामा पारशिवनीकडून नागपूरला आले. आईने ओवाळलं. मग रिवाजाप्रमाणे ते माझ्या पाया पडले. मामाने भाचीच्या पाया पडायचं, भाचीचा शब्द मोडायचा नाही. मला चोवीस वर्षं झाली तरी लाज वाटते आणि दर वेळी मी मनातल्या मनात त्यांची माफी मागते.
जेवताना म्हणाले, यंदाही हार्वेस्टर सांगून ठेवलं आहे, शनिवारी धान कापून मोकळे. मग सहजच: शेताच्या मधल्या बांधीत, त्या तुकड्यातल्या धानात, रानमांजर व्याली आहे, तीन पिल्लं आहेत. मी विचारलं, मशीन आलं की ती कुठे जातील? मामा वरणाकडे बघत राहिले. मागच्या साली शेवटच्या पट्ट्यात एक ससा होता, एवढंच म्हणाले.
मी ताटावरून उठले. (करंजी नंतर खाल्ली. अन्न टाकणंही पापच.)
ठरलं. ही तीन पिल्लं मी वाचवणार.

४ नोव्हेंबर
ऑफिसात सुटी मागितली. कारण: कौटुंबिक. खोटं नाही. कुटुंब कुणाचं ते कुणी विचारलेलं नाही.
शेजारच्या टेबलावरची सोनिका म्हणाली, मांजरच आहे ना, उडी मारून जाईल. शहरात, सदरमध्ये जन्म गेला की असंच बोलतात. मी व्हिडिओ पाहिले आहेत. मशीन कडेकडेने कापत आत येतं. जनावर आवाजाला भिऊन मधे सरकतं, उभ्या पिकात लपतं. शेवटी मधला तुकडा उरतो आणि सगळी त्यात. मोठी पळतात. पिल्लं जमिनीला चिकटून बसतात.
उपाय सोपा आहे. आतून बाहेर कापायचं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

६ नोव्हेंबर, मामांच्या गावी
हार्वेस्टरवाल्या हेमराजला भेटले. बसमध्ये पाठ केलेलं सगळं बोलले. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ताई, मधात जाऊ कसा? उडून? मी म्हटलं, तेवढी वाट कापत जायचं, मग मधून बाहेर. त्याने मामांना विचारलं, भाची इंजिनिअर हाय काय जी? मामा म्हणाले, नाही, बी.कॉम.
जाताना म्हणे, आज मांजर म्हणता, उद्या बेडूक म्हणसान, मग मी मशीन डोक्यावर घेऊन चालू काय?
बेडकांचा मी विचारच केला नव्हता. संध्याकाळ त्यातच गेली.

७ नोव्हेंबर
नवा प्लॅन. जुन्यापेक्षा चांगला, त्यामुळे जुना फसला हे बरंच झालं.
लहानपणी मी सारखी आजारी, म्हणून चौथीपर्यंत शोभाआत्यानेच घरी शिकवलं. तिचा पहिला धडा पाढ्यांच्या आधीचा: मोरीत गरम पाणी ओतण्याआधी म्हणायचं, सरका गा, पाणी येऊन राहिलं. मग थांबायचं. मग ओतायचं. झुरळालाही घरदार असतं.
मशीनचा दोष हाच आहे. ते सांगून येत नाही. मी सांगणार. पण घाईत सांगितलेलं कुणाला पटत नाही, दोन दिवस हवेत. मामांना म्हटलं, शनिवारचा नंबर नत्थूजींना द्या. नत्थूजींचं शेत लागूनच आहे, मधे फक्त धुऱ्याचा बांध.
मामा म्हणाले, धान पिकलं हाय भाचीबाई, थांबलं का झडते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. चंद्रकलामामी चुलीपाशून म्हणाली, म्हणा हो. पाया पडून बसले, आता कोणतं तोंड हाय तुमाले नाही म्हणायले?
मामा हो म्हणाले.
नत्थूजींनी मला चहा पाजला. माणसं चांगली असतात, फक्त नीट विचारावं लागतं.

८ नोव्हेंबर, सकाळ
जमलं.
थाळी आणि पळी घेऊन पूर्वेच्या धुऱ्यावर उभी राहिले. आधी सगळ्यांची माफी मागितली, मग बडवायला सुरुवात. सरका गा, मशीन येऊन राहिलं. एकेक पाऊल पुढे. मधल्या बांधीत धान हललं आणि ती निघाली. लांब पाय, राखी अंग, शेपटीच्या टोकाला काळी वळी. मागे एक, दोन, तीन. ओळीने. धुरा ओलांडून सरळ नत्थूजींच्या धानात.
मला रडू आलं. मामी लांबून हात हलवत काहीतरी ओरडत होती. थाळीमुळे ऐकू आलं नाही. शाबासकीच असणार.

दुपार
मामीने जेवायला वाढलं. मी विचारलं, सकाळी काय सांगत होतीस? म्हणाली, आता काय सांगू वं? उद्या मशीन कोणाच्या वावरात हाय?
प्लॅनमध्ये थोडा बदल करावा लागेल.

९ नोव्हेंबर, शनिवार
पहाटेच नत्थूजींकडे गेले. आजचं राहू द्या म्हटलं. आज चहा नव्हता. म्हणाले, पोरी, परवा तू मशीन धाडली, काल मांजर धाडली, उद्या काय धाडतं ते आताच सांगून दे.
थाळी बडवली. हार्वेस्टर चालू झाल्यावर माझी थाळी मलाच ऐकू येईना. मशीनच्या मागून बगळे चालत होते, कापून उघडं पडेल ते टिपत. त्यांना कुणी आमंत्रण दिलं होतं कोण जाणे. मी त्यांच्या चोचींकडे बघायचं टाळलं.
मधे एवढासा तुकडा उरला तेव्हा हेमराजने मशीन थांबवलं. मागच्या सालचा ससा त्यालाही आठवत असावा. म्हणाला, जा ताई, पाहून या. मी शिरले. धान कमरेपर्यंत, पायाखालचं दिसत नव्हतं. पानं हाताला कापत होती. सरका म्हटलं, थांबले, परत म्हटलं. बाहेर सगळे घड्याळ बघत उभे. बाहेर आले आणि सांगितलं, कोणी नाही.
पक्कं? हेमराजने विचारलं.
पक्कं, म्हटलं.
मग मी घरी आले. थांबायची गरज नव्हती. पक्कं होतं.

१० नोव्हेंबर
हेमराज पुढच्या गावी गेला, गुरुवारी येतो म्हणे. मामी कपाळाला हात लावून बसली आहे. तिला मोठं चित्र दिसत नाही. सगळ्या शिवारात आता फक्त आमचं धान उभं आहे. ज्याला लपायचं त्याला जागा झाली. छोटं अभयारण्यच.
मामांना तसं सांगितलं. म्हणाले, हो, पाहुणे येतीन आता.

१२ नोव्हेंबर
पाहुणे आले. रानडुकरं. आजूबाजूला सगळं कापलेलं, जाणार कुठे बिचारी? अर्धं खाल्लं, उरलेल्यावर लोळली. हेमराजला फोन केला. म्हणे, झोपलेलं धान मशीन उचलत नाही जी, इळ्यानं कापा.
म्हणजे आमच्या शेतात मशीन येणारच नाही. म्हणजे माझी मागणी पूर्ण मान्य झाली. हे मामांना लगेच सांगणं योग्य वाटलं नाही. ते धुऱ्यावर बसून होते, चिखलातली एक लोंबी पुसत. रागावले नाहीत. भाचीवर रागावत नाहीत. मला वाटलं, एकदा तरी रागवावं.
मामी म्हणाली, भाची नसती तं दाखवलं असतं तुले. मग विळा दिला.
सुटी वाढवली. कारण: कौटुंबिक.

१३ नोव्हेंबर
हातांना फोड. पाठ माझी राहिलेली नाही. प्रत्येक मूठ कापण्याआधी सरका म्हणते, तत्त्व म्हणजे तत्त्व. मामी माझ्या बरीच पुढे. मागे वळून म्हणाली, अशानं होळी येईन वं.
येऊ दे. पण आपल्या हातून कुणी दुखावलं नाही पाहिजे.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
संपलं. वाचलेलं धान पोत्यांत भरलं. पोती थोडीच आहेत, पण स्वच्छ मनाने भरलेली.
निघायच्या तयारीत होते तेवढ्यात नत्थूजींच्या कापलेल्या शेतात ती दिसली. रानमांजर. उघड्यावर, धसकटांत उंदीर धरत होती, कशाचंच काही नाही अशी. मागे पिल्लं. मी मामीला हाताला धरून धुऱ्यापर्यंत ओढत नेलं. बघ म्हटलं. वाचली की नाही? सगळे हसत होते मला.
मामीने डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. किती हाय वं, तिने विचारलं.
एक आईच्या शेपटीशी खेळत होतं. एक जरा मागे होतं.
मामी म्हणाली, चाल बाई, नागपूरची बस जाईन. मी म्हटलं, एक मिनिट. पिल्लंच ती, एखादं रेंगाळतं, काहीतरी हुंगत बसतं. येईलच मागून.
बस गेली. हरकत नाही. सकाळीही एक असते.