दोन बोटांची ढील

दि. १४ डिसेंबर २०२३, गुरुवार

यास्मिन, तुला नमस्कार. तुझ्या सासूच्या, अजमतबींच्या गुडघ्याला आता आराम असेल. इकडे अर्धं गाव ऊसतोडीला गेलं आहे.

गाडी तुमच्याकडे दुरुस्तीला आणली त्या सोमवारी सकाळी मी म्हशीची धार काढली, गोठा झाडला, बाजरीच्या भाकरी टाकायला बसले. चौथी तव्यावर होती तेव्हा अभिमन्यू अंगणातून ओरडला, "आई, ही गाडी हाय का बैलगाडी? आर्धं पायडल दाबलं तरी हालत न्हाई. ह्याच्यापरीस मी पुण्याला जातो कामाला." भाकरी करपली. तो जायचं म्हणाला की माझा हात थांबतो. यांना वारून दोन वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच.

तू म्हणशील, ही बाई हे कशाला सांगते. सांगते.

भाकरी झाकून मी त्याच्यासोबत तुमच्या गॅरेजला आले. तुझ्या मुस्तकीमनं बॉनेट उघडलं. अ‍ॅक्सिलेटरच्या पायडलापासून डिझेल पंपापर्यंत सळई जाते, तिच्या टोकाची वाटी झिजली होती, म्हणून पायडल ढिलं लागायचं. ती बदलतो म्हणाला. अभिमन्यू चहाला गेला तेव्हा मला जवळ बोलावलं.

"भाभी, वाटी बदलली तरी ढील सगळी जानार न्हाई. दोन बोटांची ढील मालकांनी मुद्दाम ठेवलेली हाय. पोरगं चालवायला लागलं तवा माझ्याकडून नट फिरवून घेतलता. म्हनले, ह्यानं कितीबी दाबलं तरी साठच्या वर जायला नको."

यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला रागच आला, मेलेल्या माणसाचा. "मालक गेले," म्हटलं. "आता मी सांगते ते कर. समदी ढील काढ."

"पोराला सांगाल ना, गाडी मोकळी झाली म्हनून?"

"सांगते रे बाबा. तू मिस्त्री हायस का त्याचा चुलता?"

तो हसला. काम झाल्यावर त्यानं मला स्वतः गाडीत बसवून पायडल दाबायला लावलं. पाय ठेवला की इंजिन बोलायचं, उचलला की लगेच उतरायचं. दहा वेळा दाबून घेतलं माझ्याकडून. काम चोख होतं.

पोराला मी सांगितलं नाही. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा खुलला होता. तुझा बाप तुला गुपचूप आवरत होता, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

नवव्या दिवशी बीडच्या रस्त्यावर त्यानं आपल्या गावच्या बद्रीनाथच्या मोटारसायकलला उडवलं. बद्रीनाथचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. पुढचं तुला माहीत आहे. माझ्या दिरांनी, बजरंगभाऊजींनी तक्रार दिली की मिस्त्रीचं काम कच्चं होतं, पायडल अडकलं. तेव्हापासून मुस्तकीम रोज चौकशीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसतो आणि गॅरेजला कुलूप आहे. परवा तू माझ्या दारात आलीस. "भाभी, खरं काय ते तुमीच सांगू शकता," म्हणालीस. मी आतून कडी लावली.

कडी का लावली ते लिहिताना तीन कागद फाडले.

आज भाऊजी माझा जबाब लिहूनच घेऊन आले. मला वाचून दाखवला. "गाडी गॅरेजात दुरुस्त केलती, बास, येवढंच हाय वहिनी. हितं अंगठा लावा." किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी चाळिशीनंतर वाचायला शिकले, हे त्यांना ठाऊक नाही. कागदावर वेगळंच होतं. मिस्त्रीनं मला न विचारता फेरफार केला. पायडल अडकल्याचं मुलानं मला त्याच दिवशी सांगितलं, असं लिहिलं होतं.

"उद्या लावते," म्हटलं.

"उद्या नक्की. न्हाईतर पोरगं आत जाईल, मंग मला बोलू नका."

मुलानं मला काय सांगितलं ते आता लिहिते. त्या दिवशी तिन्हीसांजेला गोठ्यात तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता. म्हणाला, "आई, दाबलं अन् गाडी उडाली. लई मजा आली. म्हनून पाय काढलाच न्हाई."

पायडल अडकलं नव्हतं, यास्मिन.

तो एकवीस वर्षांचा आहे. खरं सांगितलं तर माझं लेकरू जातं, नाही सांगितलं तर तुझा नवरा. दुपारपासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. म्हैस हंबरते, जाववत नाही. मला उचल असं देवाला म्हणावं, तर मला उचलून कुणाची सुटका होते? जबाब माझाच लागतो. यांच्यावर चिडून मी यांची शेवटची राखण काढून टाकली, आणि आता विचारायलाही हे नाहीत.

हे पत्र तुला देईन की चुलीत घालीन, अजून मला माहीत नाही. माफ कर असं लिहिणार नाही. तसं म्हणायला तोंड नाही.

शुक्रवार

सकाळच्या एसटीनं ठाण्यात गेले. ढील मी काढायला लावली, असं सांगितलं. अभिमन्यू गोठ्यात काय बोलला, तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

अभिमन्यूची आई,
बायनाबाई