अर्ध्या मिनिटाचा सवाल

मिरजोळे, रत्नागिरी
१२ जुलै २००७

प्रिय अजिंक्यदादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळी ठीक आहेत. ई-मेल करता आला असता, सायबर कॅफेत नोकरी करते आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते मी. पण तुझी उत्तरं दोन ओळींची, त्यातली एक 'कामात आहे'. शिवाय पत्रच का, याला एक कारण आहे, ते शेवटी सांगते. लंडनला गेल्यापासून तू आईला फोन करतोस, माझी चौकशी करतोस आणि बाबांचं नाव निघालं की तुझी लाइन खराब होते. सहा वर्षं सतत खराब असलेली लाइन मी दुसरी पाहिली नाही. असो, टोमणे पुरे.

बहारीनहून तुझा दोस्त अद्नान सुट्टीवर आलाय. तुझ्या गाण्यांचा अल्बम इंटरनेटवरच्या दुकानात लागलाय हे आम्हाला त्याच्याकडून कळावं, याचा राग मी वेगळा बांधून ठेवलाय, भेटलास की सोडीन. त्याने कॅफेत येऊन ते पान उघडून दिलं. नमुना म्हणून अर्धं मिनिट गाणं फुकट ऐकवतात. मी हेडफोन लावला. आधी घुंगरं, मग ढोलकी, आणि मग तुझा आवाज. चाल जाखडीनाचाची, तीही बाबांची, गणपतीतल्या सामन्यात ते समोरच्या शाहिराला ज्या चालीत सवाल घालतात तीच.

कोण्या राजाच्या दारी लेक परका झाला,
सांगा शाहीर, मंग त्या राजानं...

आणि बंद. पुढे ऐकायचं तर विकत घ्या म्हणे. दादा, मला तिथेच रडू आलं आणि समोर रेल्वेचं तिकीट काढायला आलेलं गिऱ्हाईक बसलेलं. त्याला वाटलं गाडी रद्द झाली.

म्हटलं, घेऊ विकत. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, देशांच्या यादीत भारत शोधला तर भारतच नाही. वर-खाली, उलटसुलट, सगळं पाहिलं. मग तुझा लंडनचा पत्ता टाकला, आमच्या मालकांच्या हातापाया पडून त्यांचं कार्ड घातलं, तर ते कार्ड हिंदुस्थानातलं म्हणून नाकारलं आणि वर गोड इंग्रजीत दिलगिरी, की तुम्ही आहात त्या भागात हे गाणं विकता येत नाही. अद्नान म्हणाला, बहारीनमध्येही तीच बोंब. मिरजोळ्याच्या पोरानं, मिरजोळ्याच्या चालीत म्हटलेलं गाणं, आणि मिरजोळ्यातच मिळत नाही. आपला हापूस जातो परदेशात आणि आपण रायवळ चोखतो, त्यातलीच गत.

मी बाबांना सांगणार नव्हते. पण पोटात राहतंय कुठे. दुसऱ्याच दिवशी ते स्वतःहून कॅफेत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हेडफोन लावून बसले. गाणं तुटलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल? हसू. त्यांना वाटलं, तूच मुद्दाम थांबलायस. म्हणाले, "खेळवतोय मला. सवाल अर्ध्यावर तोडलान. हे मी शिकवलं नव्हतं, स्वतः शिकलान." केवढे खूश झाले. दुकानदाराने तोडलंय, तू नाही, हे समजावून सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा टोपी घालून चालत घरी गेले.

तेव्हापासून घरात एकच विषय आहे. कुठल्या राजाचा सवाल? बाबा म्हणतात, दारी लेक परका झाला म्हणजे प्रल्हाद असेल, नाहीतर ध्रुव. प्रल्हाद असेल तर पोरानं मला हिरण्यकश्यपू केलंय. आणि ध्रुव असेल तर मग बोलणं वेगळं. पुढच्या ओळीशिवाय कळणार कसं? आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, हिरण्यकश्यपूच असणार, भर सामन्यात लेकाच्या हातातला माईक काढून घेणारा दुसरा कोण. सहा वर्षांत ती हे पहिल्यांदा मोठ्याने बोलली. तू चालीत की-बोर्ड घातलास म्हणून हेदवीच्या सामन्यात सगळ्या गावासमोर त्यांनी तुला खाली बसवलं, त्यावर तू रागाने देश सोडलास, आणि या घरात त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. बाबा भाकरी तेवढी अर्धी ठेवून उठले.

तू म्हणशील, एवढं होतं तर माझ्याकडे मागायचं, मी पाठवलं असतं. तेच तर. मी म्हटलं त्यांना, दादाला सांगते, पाच मिनिटांत येईल गाणं. केवढे चिडले. समोरच्या शाहिराकडून सवाल आधी मागून घेतो तो शाहीर कसला, त्यापेक्षा ढोलकी विहिरीत टाकलेली बरी. बाजारात आलं तर विकत घेणार, चारचौघं घेतात तसं. मग अद्नान म्हणाला, फुकट उतरवून देणारे पुष्कळ आहेत, मी बघतो. त्यालाही झापलं. बाबांच्या कॅसेटच्या चोरट्या नकला जत्रांमधून विकल्या गेल्या होत्या, आठवतं ना? लेकाचं गाणं मी चोरून ऐकू काय, म्हणाले. तेव्हा मी तुझ्याकडे गाणं मागत नाहीये, हे नीट ध्यानात घे. मला शपथ घातलेली आहे.

त्यांनी मग काय करावं? रोज कॅफेत येऊन विचारायचं, आज आला काय आपला देश त्या यादीत. जसं काही एसटीच्या फलकावर गाव लागायचंय. मालकांना आता सवय झालीये. बाबा, म्हणजे त्यांचे 'गंगाराम शाहीर', आले की ते स्वतःच खुर्ची देतात आणि ते अर्धं मिनिट लावून देतात. मला मात्र बघवत नव्हतं. कुठल्या तरी परक्या माणसाने कुठे तरी रेघ मारावी आणि माझ्या बापाने रोज तिच्यापर्यंत जाऊन मागे फिरावं, याचा मला संताप येतो.

काल ते आले आणि हेडफोन मागितलाच नाही. म्हणाले, "दुकान देत नाय तर नको देऊंदे. सवाल अर्धा आला, पण राजा कुठला ते आता मी ठरवणार. उत्तर द्यायचंय ते मला." राजा त्यांनी ध्रुवाचा बाप उत्तानपाद ठरवलाय. मला ध्रुवाची गोष्ट रुसून जाण्यापर्यंतच ठाऊक होती, पुढची त्यांनी सांगितली. ध्रुव परत येतोय हे कळल्यावर बाप सिंहासनावर बसून राहिला नाही, रथ जुंपून नगराबाहेर त्याला घ्यायला गेला. सांगून झाल्यावर मला विचारतात, मुंबईच्या विमानतळावर आत सोडत नाहीत म्हणे, मग बाहेर कुठल्या दाराशी उभं राहायचं. गणपतीच्या सामन्याला तू समोरून उभं राहायचंस, की-बोर्ड घेऊन, असं त्यांचं मंडळात सांगून झालंय. ई-मेल करते म्हटलं तर नको म्हणाले, त्या यंत्रातून अर्धंच पोचतं, पत्र घाल. म्हणून हे पत्र. कुठल्या दिवशी उतरतोस तेवढं कळव. बाबांचं गुडघ्याला तेल चोळणं सुरू झालंय, गाडीत रात्रभर बसायचं आहे म्हणून.

तुझीच, राग बांधून ठेवलेली,
वैष्णवी