पुढच्या चाकामागची जागा

मिल्टन कीन्स
२ नोव्हेंबर २०२४

चि. मृणाल हिस,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

फोनवर गाडीचा विषय निघाला की आपण दोघं तापतो, म्हणून तुझ्या आईने हुकूम काढला आहे की टायरबद्दल जे काय बोलायचं ते पत्रातून बोला. तेव्हा कागदावरच भांडतो.

गेल्या जानेवारीत डर्बीशायरच्या त्या उतारावर तुझी गाडी भिंतीला घासत थांबली. तू ते हसून सांगितलंस, मला अजून हसू आलेलं नाही. घरी बाळंत होणाऱ्या बायकांकडे तुझ्यासारख्या मिडवाइफने बर्फातूनही पोचायला हवं हे मला पटतं, पण मग त्या उन्हाळी टायरवर जाऊ नकोस. आपल्या जावईबापूंना, क्षितिजरावांना, म्हणे कोणाकडचा तरी विंटर टायरसह अठरा इंची चाकांचा जुना सेट पसंत आहे. दिसायला छान, मान्य. पण त्यावरचा टायर रुंद आणि बसका. बर्फात अरुंद टायर खाली रुतून पकड घेतो. तुझ्या गाडीला सोळा इंची लोखंडी चाकं आणि त्यावर २०५/६० चे, म्हणजे अरुंद आणि उंच, विंटर टायर. बाहेरून उंची जवळपास आत्ताच्या चाकाएवढीच भरते, स्पीडोमीटर फसत नाही. मी चारही मागवले आहेत, या आठवड्यात तुझ्याकडे येतील.

लहान चाक पुढच्या ब्रेकला आतून घासेल ही काळजी नको. धम्मचक्र दिनाला हॉलमध्ये तू जेवण वाढत होतीस तेव्हा मी कार पार्कमध्ये जाऊन पुढच्या चाकामागे हात घालून पाहिलं. भरपूर जागा आहे.

आईने जवसाची चटणी करून ठेवली आहे. आलीस की ने.

तुझे अण्णा


नॉटिंगहॅम
८ नोव्हेंबर

ती. अण्णांना,
सविनय जय भीम, वि. वि.

चाकं आली. हॉलवेमध्ये रचून ठेवली आहेत, क्षितिज रोज त्यांना अडखळतो आणि तुमचं नाव घेतो.

गॅरेजच्या मोहनभाईंशी बोलले. ते म्हणाले की माझ्या मॉडेलमध्ये काही गाड्यांना पुढचे ब्रेक मोठे असतात, त्यात सोळा इंच मावत नाहीत, कोणी पाहिलं आहे का. मी म्हटलं, माझे वडील एकतीस वर्षं बस डेपोत फिटर होते आणि त्यांनी स्वतः हात घालून पाहिलं आहे. तेव्हा त्यांनी वेळ लिहून घेतली. तरी एकदा विचारते, रागावू नका. नक्की पाहिलंत ना? अठरा इंचीचा सेट विकणाऱ्या माणसाने तो आमच्यासाठी मंगळवारपर्यंत ठेवला आहे, मग तो दुसऱ्याला देईल.

मला यंदा गाडी खरंच हवी आहे. माझी एक बाई टेकडीवरच्या फार्मवर राहते, तिची तारीख वीस नोव्हेंबर. पहिलं मूल दोन तासांत झालं होतं आणि तिथे ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागतो. चाकं बसवायला अठरा तारखेची वेळ मिळाली आहे.

आईला नमस्कार.

तुमची मृणाल


मिल्टन कीन्स
१० नोव्हेंबर

चि. मृणाल हिस आशीर्वाद.

एकदा सांगितलं ते पुरे. एकतीस वर्षांत माझ्या हातचं एकही चाक परत आलेलं नाही. अठराचा सेट सोडून दे.

अण्णा


नॉटिंगहॅम
१८ नोव्हेंबर

ती. अण्णांना जय भीम.

मागची दोन बसली. पुढचं चाक मोहनभाईंनी लावलं आणि फिरवून पाहिलं तर ते फिरेचना. आतून रिम ब्रेकला टेकली होती. मी म्हटलं, मागची दोन तरी राहू द्या. ते म्हणाले, पुढे उन्हाळी आणि मागे विंटर अशी गाडी मी कोणाच्याच पोरीला देणार नाही. जुनी चाकं परत चढवून घरी आले. अठराचा सेट मंगळवारीच गेला. उद्यापासून बर्फ सांगितला आहे.

अण्णा, मी आज स्वतः गुडघे टेकून जुन्या चाकामागे हात घातला. चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये माझं एक बोट जेमतेम जातं. तुमचा हात एवढा चुकत नाही. म्हणजे तुम्ही तिथे हात घातलाच नव्हता. मी स्पष्ट विचारलं होतं. खोटं का सांगितलंत?

मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

मृणाल


मिल्टन कीन्स
२० नोव्हेंबर

चि. मृणाल हिस,
तुझ्या अण्णांचा जय भीम.

तू बरोबर ओळखलंस. हात घातलाच नाही.

त्या दिवशी गाडीपर्यंत गेलो होतो. वाकलो, पण उजवा गुडघा खाली जाईना. जबरदस्तीने बसलो असतो तर उठायला कोणाला तरी हाक मारावी लागली असती, आणि श्रीनिवास आणि डेपोतली सगळी जुनी माणसं दारातच चहा पीत उभी होती. त्यांनी मला धरून उचलायचं? बॉनेटला टेकून उभा राहिलो आणि फोनवर तुझ्या मॉडेलची साइज बघितली. ती साध्या मॉडेलची होती. फेब्रुवारीपासून माझं हे असंच आहे. मोजेसुद्धा तुझी आई घालते. तुला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली होती.

तू विचारलंस तेव्हा खरं सांगायला एक ओळ पुरली असती. मी तुझ्या तोंडावर एकतीस वर्षं फेकली. फार लाज वाटते, पोरी.

सकाळपासून फोन लावतोय, तू उचलत नाहीस. इथे बर्फ नाही, पण टीव्हीवर तुमच्याकडचा दाखवतायत आणि आज वीस तारीख आहे. आई देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढे बसून आहे. मला तेही जमत नाही, मी खुर्चीत बसून हे लिहितोय.

बहुतेक सतरा इंची, २२५/५० बसतील. पण माझ्या शब्दावर घेऊ नकोस. आधी एकच चाक लाव आणि फिरवून बघ.

अण्णा


नॉटिंगहॅम
२३ नोव्हेंबर

ती. अण्णांना,
सविनय जय भीम, वि. वि.

बुधवारी संध्याकाळी मी फोन केला तर तुम्ही माझा आवाज ऐकूनच रडायला लागलात, त्यामुळे सांगायचं राहिलं. लिहून सांगते.

दुपारी फार्मवरून बोलावणं आलं. चढावर दुसऱ्या वळणाला गाडी मागे सरकू लागली, ब्रेक दाबूनही सरकत राहिली. बंपर भिंतीला टेकला तेव्हा थांबली. बॅग घेऊन चालत निघाले, अर्ध्या वाटेत त्यांचा ट्रॅक्टर भेटला. पोचले तेव्हा मुलगी जन्मून अकरा मिनिटं झाली होती. बापाने तिला टॉवेलमध्ये धरलं होतं. बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. मला तो थांबवता आला. दोघी ठीक आहेत. अकराच्या जागी तीस मिनिटं झाली असती तर काय, ते मी इथे एकदाच लिहिते आणि पुन्हा कधी काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं की माझी गाडी टेकडीच्या लायकीची नाही, ती घरं सध्या दुसरीला द्या. सगळ्या टीमसमोर सांगावं लागलं. कान तापले माझे. तेव्हा तुमचं ते कार पार्क डोळ्यासमोर आलं आणि राग थोडा उतरला.

मोहनभाई सतराचं एक चाक लावून बघायला देणार आहेत. पुढच्या रविवारी क्षितिज तुम्हाला न्यायला येईल. मी घरासमोर गाडीशेजारी खुर्ची मांडून ठेवते. तुम्ही तीत बसायचं. मी खाली गुडघे टेकून हात घालीन आणि किती बोटं जातात ते सांगीन. साइज तुम्ही ठरवायची. फक्त येताना डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन या, नाहीतर मी खाली बसणार नाही.

आईला म्हणावं, त्या दिवशी तुम्हाला मोजे मी घालीन.

लोभ आहे तसाच ठेवा, आणि खरं सांगत जा.

तुमची मृणाल